निर्जंतुक चिखल

घाण दोनच प्रकारची असते, आपली आणि दुसऱ्याची. आपल्या घाणीला सवय म्हणतात आणि दुसऱ्याच्या घाणीला जंतू. एवढं एकदा डोक्यात नीट शिरलं की आरोग्यशास्त्रातलं पुढचं सगळं आपोआप समजतं. नाही समजलं तरी अडत नाही, त्यासाठी सल्लागार मिळतात.

तर झालं काय, एक पायपुसणी बनवणारी कंपनी होती. दारात टाकायची पायपुसणी हो. काथ्याची, रबराची, केसाळ, बिनकेसाळ, 'या बसा' लिहिलेली आणि (ज्यांना पाहुणे फारसे आवडत नाहीत त्यांच्यासाठी) काहीच न लिहिलेली. पुढे काचेचं ऑफिस, मधे कारखाना, आणि सगळ्यात मागे, गोदामाला वळसा घालून गेलं की एक लांबट ओलसर खोली. त्या खोलीत चिखल्या काम करायचा.

त्याला खरं नाव होतं, हजेरीपटात ते लिहिलेलंही होतं, पण हजेरी घेणाराच "चिखल्या आला का?" म्हणून विचारायचा, मग बाकीच्यांना काय पडलंय! त्याचं पद होतं 'कनिष्ठ मालिन्य-चाचणी सहायक (हंगामी)'. काम असं की गमबूट घालायचे, पत्र्याच्या हौदातल्या चिखलात उभं राहायचं, बाहेर येऊन नव्या पायपुसण्यावर पाय पुसायचे आणि पुढे पसरलेल्या पांढऱ्या कापडावर एक पाऊल टाकायचं. ठसा उमटला की पायपुसणं नापास, परत कारखान्यात. नाही उमटला की पास. दिवसभर हेच. एवढं चालून दुसरा एखादा शेजारच्या गावी पोचला असता, पण चिखल्या संध्याकाळी पुन्हा त्याच कापडापाशी.

आणि चिखल म्हणजे काय, उचलला आणि आणला असं नसतं. काळा चिखल चिवट, एकदा चिकटला की नातेवाइकासारखा हलता हलत नाही. तांबडा नुसता दिसायला जबर, अंगात दम नाही. वाळूचा चिखल वरवर गोडबोल्या, पण जाताना ओरखडे काढून जातो. चिखल्या तिन्ही ठेवायचा, ऊन वाढलं की वर ओलं गोणपाट टाकायचा, रविवारी सुट्टी असली तरी येऊन पाणी शिंपडून जायचा. माल आणायला लांब जावं लागायचं नाही. कंपनीसमोरचा रस्ता पाण्याच्या पाइपासाठी खणलेला होता. खणणारे कधीच निघून गेले होते आणि पाइप काही आले नव्हते. (लोक उगाच सरकारला नावं ठेवतात. उद्योगधंद्याला कच्चा माल दारात पुरवणारं सरकार मिळायला भाग्य लागतं.)

आता मुद्द्याचं. चिखल्या हंगामी होता. वर्षानुवर्षं हंगामी, आणि हंगाम कोणता ते कोणी सांगत नव्हतं. राहायचा दादा-वहिनीकडे, हॉलमधल्या दिवाणावर झोपायचा. वहिनी स्वभावाने चांगली. रोज संध्याकाळी त्याला पाय धुतल्याशिवाय उंबरठा ओलांडू द्यायची नाही, पण पाण्याची बादली स्वतः भरून ठेवायची. पण पुतणी आता मोठी झाली होती, अभ्यासाला बसायची, तिला तो दिवाण हवा होता, आणि घरात दुसरी जागा नव्हती. कंपनीच्या मागे कामगारांच्या खोल्या होत्या, पण त्या परमनंट माणसालाच मिळायच्या. एकदा वाढता वाढता वहिनी म्हणाली, "भावजी, घाई नाही हो काही. पण परमनंटचं काय म्हणतात ते?" आणि चिखल्याला समजलं की घाई आहे.

अशात मोठ्या साहेबांचं पोट बिघडलं.

मोठे साहेब म्हणजे कंपनीचे मालक. बिघडलं ते असं बिघडलं की साहेब तीन मीटिंगांमधून मधेच उठून गेले आणि चौथ्या मीटिंगला गेलेच नाहीत. साडूकडच्या जेवणात त्यांनी गोडाचं तिसऱ्यांदा वाढून घेतलं होतं, हे साऱ्या ऑफिसला ठाऊक होतं, कारण त्यांच्या ड्रायव्हरने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पण साडूच्या घरी जंतू असतील असं म्हटलं तर बायको बोलायची बंद होते. ऑफिसात जंतू आहेत असं म्हटलं तर ऑफिस बोलायचं बंद होतं. यातलं काय परवडतं ते कोणत्याही विवाहित माणसाला विचारा. साहेबांनी सल्लागार नेमला.

त्याला पुढे सगळे जंतूसर म्हणायला लागले. पांढरा कोट, गळ्यात शिट्टी (कशाला ते तेव्हा कळलं नाही), आणि बोलताना दोन्ही हात असे वर धरलेले, जसे काही नुकतेच धुतलेत आणि आता ते फक्त कार्यक्रमाच्या शेवटी टाळ्यांसाठी वापरायचे आहेत. त्यांच्याकडे हातात मावेल एवढं एक यंत्र होतं. काडीला कापसाचा बोळा लावलेला, तो वस्तूवर घासायचा, यंत्रात खुपसायचा, की यंत्र टुक करून आकडा दाखवायचं. शंभराच्या आत म्हणजे स्वच्छ. शंभराच्या वर म्हणजे परिपत्रक.

पाहणी झाली. हिशेब खात्यातले कीबोर्ड आठशेच्या घरात निघाले. कारखान्यातल्या कात्र्या हजारावर. मोठ्या साहेबांच्या फोनचा आकडा आला तेव्हा जंतूसरांनी यंत्र पालथं धरलं आणि म्हणाले, बॅटरी कमी आहे. आणि संपूर्ण इमारतीत सगळ्यात स्वच्छ जागा निघाली ती उपव्यवस्थापकांचं टेबल. आकडा सहा! ऑपरेशन थिएटरात नसतो म्हणे इतका. आता त्या टेबलावर गेल्या कित्येक वर्षांत कशालाच हात लागलेला नव्हता. फाइल तशीच बांधलेली, पेनाचं टोपण तसंच लावलेलं, उपव्यवस्थापक तसेच मागे टेकलेले. पण शास्त्र भेदभाव करत नाही. शास्त्राने सिद्ध झालं की जिथे काम तिथे जंतू. उपव्यवस्थापकांना शाल घालता येईना (शालीचा आकडा बघायचा राहिला होता), म्हणून लांबूनच टाळ्या वाजवून त्यांना 'जंतू निर्मूलन समिती'चं प्रमुख करण्यात आलं. ते फार नम्रपणे बोलले. म्हणाले, "यात माझं विशेष काही नाही. मी फक्त कशाला हात लावत नाही."

मग परिपत्रकं सुटली. सुटली म्हणजे काय, धो धो. कागदाला हात लागू नये म्हणून ती भिंतीवर लावली आणि ती वाचायला गर्दी झाली म्हणून गर्दीविरुद्ध वेगळं परिपत्रक लावलं. त्यातलं काही काही फारच मोलाचं होतं. उदाहरणार्थ,

— सर्व कर्मचाऱ्यांनी दरवाजे कोपराने उघडावेत. ज्यांचे कोपर अस्वच्छ आढळतील त्यांनी गुडघ्याने.

— शिंक आल्यास इमारतीबाहेर जाऊन शिंकावे. शिंक वाटेतच आल्यास ती 'किरकोळ रजा' धरली जाईल.

— चहाचा कप ज्याचा त्याने धुवावा. धुण्याआधी हात धुवावेत. हात धुण्याआधी नळ धुवावा. (नळ कशाने धुवावा याबद्दल समितीचा निर्णय विचाराधीन आहे.)

— उपरोक्त बाबींमुळे कामास विलंब होत असल्यास तो स्वच्छतेच्या खाती टाकावा.

दरवाज्याचं कोपराने काही जमेना, दोघातिघांनी काचेवर नाक आपटून घेतलं, तेव्हा जंतूसरांनी केंद्रीकरणाचं तत्त्व आणलं. म्हणजे सगळ्या कड्या, मुठी आणि बटणं फक्त वॉचमनने हाताळायची, बाकी कुणी नाही. कल्पना अशी उत्तम की सगळ्या इमारतीचे जंतू एका माणसावर गोळा होतात आणि बाकीची इमारत स्वच्छ राहते. पुढच्या तपासणीत वॉचमनच्या हाताचा आकडा बघून यंत्र दोनदा वाजलं. मग वॉचमनला कशालाही हात लावायची बंदी झाली आणि दार दोरीने उघडं बांधून ठेवलं. उघड्या दारातून रस्त्यावरचं एक कुत्रं आलं. त्याच्याही नाकावर बोळा फिरवला. आकडा हिशेब खात्यापेक्षा कमी निघाला. त्याला हाकलायला नैतिक अधिकार कुणाकडे उरला नाही. ते आजतागायत तिथेच असतं.

सफाईचं तर विचारूच नका. फरशी पुसणाऱ्या मावशींचं फडकं तपासलं तर ते अख्ख्या इमारतीत सगळ्यात घाण! जंतूसर गंभीर झाले. म्हणाले, घाण जिथे सापडते तिथेच ती जन्मते. सगळी फडकी, झाडू आणि बादल्या एका खोलीत घालून वर सील ठोकलं. मावशींना 'स्पर्शविरहित सफाई' हे नवीन काम मिळालं. म्हणजे त्यांनी स्टुलावर बसायचं आणि घाण दिसली की तिच्याकडे बोट दाखवायचं. मावशींनी आयुष्यभर वाकून काम केलेलं. त्यांना नव्या शास्त्रात काहीच चूक सापडली नाही. उलट सांध्यांना बरं वाटतंय म्हणाल्या.

आणि संडास! संडास घासून पुसून आकडा अकरावर आणला आणि तो तसाच राहावा म्हणून कुलूप लावलं. एवढा स्वच्छ संडास पंचक्रोशीत नव्हता. कर्मचारी समोरच्या छापखान्यात जायचे. किल्ली फक्त मोठ्या साहेबांकडे असायची, कारण त्यांचं पोट अजून सल्ल्याला नीट दाद देत नव्हतं.

महिनाअखेरीस समितीने सर्वेक्षण केलं. ब्याण्णव टक्के कर्मचारी पूर्ण समाधानी निघाले. उरलेले आठ टक्के तेव्हा छापखान्यात गेले होते.

मग मोठ्या साहेबांनी सगळ्यांना कारखान्यात जमवून जाहीर केलं. ज्या विभागाचा आकडा शंभराच्या आत येईल, त्या विभागातले हंगामी लोक परमनंट. ज्याचा वर राहील, तो विभाग बंद. चिखल्याने मनातल्या मनात आपला विभाग मोजला. त्याच्या विभागात दोनच गोष्टी होत्या, तो आणि चिखल.

जंतूसर मागच्या खोलीत आले ते दारातच थबकले. त्यांनी आयुष्यात एवढे जंतू एका जागी, उघड्यावर, बिनदिक्कत बसलेले पाहिले नव्हते. लांब काडी करून बोळा हौदात बुडवला, यंत्रात घातला. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. नुसत्या आडव्या रेघा दाखवल्या, आणि मग त्याही गेल्या. जंतूसरांनी दोन पावलं मागे सरून शिट्टी फुंकली. शिट्टी यासाठी होती.

चिखल्याने सांगून पाहिलं. म्हणाला, सर, चिखल आहे तो, तो तसाच असतो. जंतूसर म्हणाले, ही सबब प्रत्येक विभाग सांगतो. हिशेबवालेही म्हणाले की कीबोर्ड असाच असतो. आठवड्याने पुन्हा येतो म्हणाले, आणि गेले ते हात आणखी थोडे वर धरून गेले.

चिखल्याला रात्री दिवाणावर झोप येईना. वहिनी पाणी प्यायला उठली तर हा टक्क जागा. तिने विचारलं नाही, पण सकाळी पुतणीला जरा मोठ्याने सांगितलं की एवढ्यात दिवाणाचं काही बोलू नकोस. ते ऐकून तर चिखल्याला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि माणूस कोपऱ्यात सापडला की त्याच्यातला शास्त्रज्ञ जागा होतो.

त्याने तिन्ही मात्या एकत्र केल्या. कॅन्टीनचा मोठा झारा आणि कढई आणून त्या खरपूस भाजल्या. कापडातून तीनदा चाळल्या. मग पाण्याऐवजी जंतूसरांनीच विभागोविभागी वाटलेलं लिंबाच्या वासाचं जंतुनाशक औषध ओतून ओतून मळल्या. झालं ते असं झालं की काय सांगू! राखाडी, तुकतुकीत, लोण्यासारखं मऊ. वास असा की हॉस्पिटलात कुणीतरी सरबत सांडलंय. आणि सगळ्यात मोठा गुण, ते कशालाच चिकटत नव्हतं. गमबूट बुडवून काढला की नवाकोरा. बोट घातलं की बोट आधीपेक्षा स्वच्छ.

जंतूसर आले. बोळा फिरवला. आकडा आला दोन.

असं म्हणतात की जंतूसरांचे हात त्या दिवशी पहिल्यांदा खाली आले. मोठ्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी हौदात वाकून वास घेतला, एक बोट घालून गालाला लावलं, मग दुसऱ्या गालालाही लावलं. एवढ्या वर्षांच्या धंद्यात इतका सुसंस्कृत चिखल त्यांनी पाहिला नव्हता. तिथल्या तिथे ठरलं, दोन महिन्यांनी एका बड्या हॉटेलवाल्यांची खरेदी अधिकारी मॅडम माल बघायला येणार आहे, तिच्यासमोरच चिखल्याला परमनंटचं पत्र द्यायचं.

चाचण्या सुरू झाल्या आणि अहो आश्चर्य, सगळी पायपुसणी पास! पूर्वी दहातली तीन परत जायची, आता एकही नाही. कारखान्यात आनंदीआनंद झाला. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, थोडा काथ्या कमी करून बघावा. तेही पास. केस काढले, पास. रबर पातळ केलं, पास. शेवटी एकाने गंमत म्हणून कालचं वर्तमानपत्र टाकलं. ते उत्तम श्रेणीत पास झालं. वर्तमानपत्र विकणं कंपनीच्या प्रतिष्ठेला शोभलं नसतं, म्हणून पातळ प्लॅस्टिकवर 'या बसा' छापून बाजारात आणलं.

तक्रारी आल्या का? छे. म्हणजे पाकिटं येत होती, चांगली पोतं भरून येत होती, पण बाहेरच्या पाकिटांवर कुणाकुणाचे हात लागलेले असतात. ती सगळी न फोडता एका कपाटात विलग ठेवली जायची. समितीच्या अहवालात नोंद आहे की निर्जंतुक मालाबद्दल एकाही ग्राहकाची तक्रार वाचण्यात आलेली नाही. यातला एक शब्दही खोटा नाही.

चिखल्या मात्र घरी जायचा तो आता लख्ख पायांनी. वर लिंबाचा वास. दोनतीन दिवस वहिनीने पाहिलं. मग बादली नेहमीसारखी पुढे ठेवून, त्याच्या पायांकडे बघत, हळूच विचारलं, "भावजी, खरं सांगा. कामावरच जाता ना?"

हॉटेलवाल्या मॅडम आल्या तो दिवस. सकाळपासून धुराचं यंत्र फिरवून ऑफिस एवढं निर्जंतुक केलं होतं की समोरचा माणूस दिसत नव्हता, फक्त त्याचा खोकला ऐकू यायचा. धूर ओसरला तेव्हा पांढरी फरशी आरशासारखी चमकत होती. दारात नवं कोरं 'या बसा'. मोठे साहेब सुटाबुटात, त्यांच्या वरच्या खिशातून परमनंटच्या पत्राच्या पाकिटाचं टोक बाहेर डोकावत होतं, आणि चिखल्याला दुसरं काही दिसतच नव्हतं.

मॅडमची गाडी थेट दारापर्यंत येऊ शकली नाही. रस्ता खणलेला. मॅडम गाडीतून उतरल्या त्या नेमक्या काळ्या चिखलात, घोट्यापर्यंत. अंगाने भारदस्त, चालणं ठाम. दारात आल्या, पायपुसणं बघून बरं वाटलं असावं, दोन्ही पाय त्याच्यावर चांगले घासले. पायपुसण्याने पायांना काहीही त्रास दिला नाही. उलट स्वतःच बाजूला सरकलं. आणि मॅडम आत आल्या. एक पाऊल. दुसरं पाऊल. पांढऱ्या फरशीवर काळेशार, टाचेपासून टोकापर्यंत स्वच्छ दिसणारे ठसे. चिखल्याने मनातल्या मनात म्हटलं, चिखल एक नंबर आहे.

कुणी फडकं आणेल म्हणावं तर फडकी सीलबंद. मावशींनी स्टुलावरून, नेमून दिल्याप्रमाणे, ठशांकडे बोट दाखवलं. एकेका ठशाकडे, ओळीने. कामात कसूर नाही.

मॅडम थांबल्या. मागे वळून ठसे पाहिले. पायपुसणं पाहिलं. शांतपणे म्हणाल्या, "हे काय आहे?"

जबाबदारी ही पाण्यासारखी असते, तिला कुणी शिकवावं लागत नाही, ती आपली उताराला लागते. मोठ्या साहेबांनी जंतूसरांकडे पाहिलं. जंतूसरांनी उपव्यवस्थापकांकडे पाहिलं. उपव्यवस्थापकांनी याही गोष्टीला हात लावला नाही, नुसती हनुवटी चिखल्याच्या दिशेने केली. त्याच्या खाली कुणीच नव्हतं. कुत्रं होतं, पण ते झोपलं होतं.

चिखल्याने हिशेब मांडून पाहिला. खरं बोलावं तर हे पाकीट गेलं, खोली गेली, वहिनीचा तो मोठा आवाज पुन्हा ऐकायचा. बरं, गप्प बसावं तर हॉटेलवाली जाते आणि मग सगळी कंपनीच जाते, तिच्याबरोबर पाकीटही. साहेबांच्या खिशातलं टोक त्याला दिसत होतं. साहेबांचा हात सावकाश त्या खिशाकडे जात होता, आणि तो पाकीट काढायला जात नव्हता, आत ढकलायला जात होता.

चिखल्या पुढे झाला. वाकून ठसा नीट पाहिला, डॉक्टर पाहतो तसा. मग उठला आणि म्हणाला,

"मॅडम, पायपुसणं बरोबर आहे. तुमचा चिखल चुकीचा आहे."

कुणी श्वाससुद्धा घेतला नाही. (तसाही श्वास घ्यायला समितीची मनाई होतीच, पण त्या दिवशी ती पहिल्यांदा पाळली गेली.)

"म्हणजे?" मॅडम म्हणाल्या.

"कुठून आणलात हा?"

"आणला कसला? रस्त्यावरून आलाय."

"तेच ना," चिखल्या म्हणाला, आणि असा सुस्कारा टाकला की मॅडमना पहिल्यांदा अपराधी वाटलं.

मग त्याने मॅडमना मागच्या खोलीत नेलं. खुर्ची दिली, बूट काढायला लावले, नवे गमबूट दिले, हौदात उतरवलं. मॅडम त्या राखाडी लोण्यात उभ्या राहिल्या, लिंबाचा वास आला, चेहरा सैल पडला. बाहेर आल्या, 'या बसा'वर पाय पुसले, पांढऱ्या कापडावर पाऊल टाकलं. कापड जसंच्या तसं. पुन्हा उतरल्या, पुन्हा टाकलं. तसंच. तिसऱ्यांदा उतरायची गरज नव्हती, पण उतरल्या. चिखल्याने सांगितलं की कंपनीचं पायपुसणं हे जागतिक दर्जाच्या चिखलासाठी बनवलेलं आहे, रस्त्यावरच्या कुठल्याही ऐऱ्यागैऱ्या चिखलाची जबाबदारी कंपनी कशी घेणार? उद्या कुणी डांबर घेऊन येईल.

मॅडमनी गमबूट उतरवले. मग त्यांनी खरी अडचण सांगितली. त्यांच्या हॉटेलात येणारे पाहुणे आपापला चिखल घेऊन येतात. त्यांना तो बदलायला कसं सांगायचं?

मोठे साहेब धंदेवाईक माणूस. एवढ्या वेळात त्यांना पहिल्यांदा कळण्यासारखं काहीतरी कुणीतरी बोललं होतं. खिशाकडचा हात त्यांनी तसाच पुढे केला आणि म्हणाले, "मॅडम, चिखलही आम्हीच देऊ."

पुढचं तुम्ही पाहिलंच असेल. त्या हॉटेलांच्या दारात आता संगमरवरी हौद असतात. पाहुणा आला की गणवेशातला माणूस त्याला अदबीने कंपनीचे गमबूट देतो, हौदात उतरवतो, बाहेर काढतो, पायपुसण्यावर उभं करतो. त्याचे स्वतःचे बूट, आहेत तसे चिखलाचे, पिशवीत घालून मागच्या दाराने खोलीवर पोचवले जातात. सुरवातीला लोक कुरकुरले. मग एकदोघांनी हौदात उभं राहून फोटो काढले. आता ज्या हॉटेलच्या दारात चिखल नाही तिथे चांगल्या घरातले लोक उतरत नाहीत. पायपुसण्यांपेक्षा चिखलाचा खप जास्त आहे, आणि समोरचा रस्ता बुजवू नये म्हणून साहेब स्वतः अर्ज घेऊन सगळ्या कार्यालयांत फिरले.

चिखल्या परमनंट झाला. 'मुख्य चिखल अधिकारी'. कंपनीच्या मागची खोली मिळाली, खिडकी असलेली. दिवाण पुतणीला मिळाला. एका रविवारी दादा, वहिनी आणि पुतणी खोली बघायला आले. येताना तोच रस्ता, त्यामुळे तिघांचेही पाय भरलेले. दारात 'या बसा' टाकलेलं, कंपनीकडून भेट. चिखल्या आत उभा. त्याला वाटलं, आता वहिनी विचारणार. साहेब, मॅडम, जंतूसर यांना चकवलं, पण ही बाई बादलीवाली आहे.

वहिनीने त्या प्लॅस्टिककडे पाहिलं. मग चिखल्याकडे पाहिलं, त्याच्या मागच्या खिडकीकडे पाहिलं, खुंटीवरच्या नव्या शर्टाकडे पाहिलं. दोन्ही पाय त्याच्यावर व्यवस्थित घासले, आधी उजवा, मग डावा. दादालाही घासायला लावले. आणि तशाच चिखलाच्या पायांनी आत येत म्हणाली, "छान आहे हो पायपुसणं." तिघं चहा पिऊन गेली. मग चिखल्याने दार लावून घेतलं आणि जुन्या बनियनने फरशी पुसली.

काय, हसताय? जरूर हसा. पण तुमच्या ऑफिसच्या दारात भिंतीवर हात स्वच्छ करायच्या औषधाची बाटली आहे ना, ती कधीची रिकामी आहे. तुम्हाला माहीत आहे. तरी तुम्ही रोज सकाळी तिच्यापुढे थांबता, वरून दाबता, ती फुस्स करते, आणि मग ते दोन्ही कोरडे हात एकमेकांवर चोळत, बोटांच्या मधूनसुद्धा, गंभीर चेहऱ्याने आत जाता, कारण तुमच्या मागे कुणीतरी उभं असतं. तोही मग तसंच करतो.

चिखल्याला निदान खोली तरी मिळाली. तुम्ही हे फुकट करता.